पर्सेपोलिस: काही महिने जवळ ठेवून वाचल्यावर

मार्जान सत्रापीचं ‘पर्सेपोलिस’ पावसाळ्याआधी घेतलं, अजून कपाटात गेलेलं नाही, कधी मी वाचतोय कधी भाची. लेखिकेच्या तेहरानमधल्या बालपणाची चित्रकथा आहे, १९७९ ची इराणमधली इस्लामी क्रांती आणि मग १९८० ते ८८ चं इराण-इराक युद्ध, सगळं काळ्या-पांढऱ्यात. चित्रं इतकी साधी की पुस्तक एका बैठकीत संपतं, आणि तिथंच गडबड होते, कारण भराभर वाचलं की त्यातला उपरोध हाताला लागत नाही.

चौकटीतली लहान मार्जी जे बोलते ते अगदी मनापासून बोलते. तिला खरंच प्रेषित व्हायचंय, मैत्रिणीचे वडील तुरुंगात होते आणि आपले बाबा तसे ‘हिरो’ नव्हते म्हणून तिला खरंच वाईट वाटतं. तिच्या बोलण्यात टोमणा शोधू नका, नाही सापडणार. मोठी झालेली लेखिका तिचं बोलणं तसंच ठेवते आणि शेजारी असं चित्र काढते की आपल्याला कळतं पण त्या पोरीला कळत नाही.

चावीचं प्रकरण तर मी किती वेळा उघडलं असेल. घरी कामाला येणाऱ्या बाईंच्या पोराला शाळेत सोनेरी रंग दिलेली प्लॅस्टिकची चावी मिळते, युद्धात मेलास तर स्वर्गाचं दार उघडेल म्हणून. मार्जी नात्यातल्या पेमानला फोन करून विचारते, तुम्हाला पण दिल्या का चाव्या? त्याला काही माहीतच नाही, तो तिला पार्टीला बोलावतो. मग एकाच पानावर वर सुरुंगांवर उडालेली, गळ्यात चाव्या असलेली पोरं आणि खाली भोकाभोकांचा स्वेटर घालून पार्टीत नाचणारी मार्जी.

भाची चिडली. तिचे बाबा, म्हणजे आमचे दाजी, फौजेत आहेत, आणि साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावातून पहिल्या महायुद्धात ४६ जण मारले गेले हे ती लहानपणापासून ऐकतीय. “मामा, तिकडं पोरं मरतायत आणि ही नाचतीय, याची हिला लाजच नाही?” मी म्हटलं हातपाय बघ सगळ्यांचे. बराच वेळ बघून म्हणाली, दोन्हीकडं पोरं सारखीच हवेत आहेत गं बाई. नंतर तिचं तिलाच सुचलं की चाव्या फक्त गरिबांच्या पोरांनाच दिल्यात. मला वाटतं या पुस्तकातला सगळ्यात कडक राग याच पानावर आहे आणि रागाचा एक शब्दही नाही.

आणि उपरोध कुठं थांबवायचा हेही या बाईला कळतं. शेजारच्या घरावर मिसाईल पडतं, ढिगाऱ्यात मैत्रिणीचं ब्रेसलेट दिसतं, आणि त्या प्रकरणाची शेवटची चौकट नुसती काळी. तिथं वर-खाली काही जुळवायचं नाही.

वयाचं सांगतो. छळाची चित्रं आहेत, त्यावरूनच २०१३ मध्ये शिकागोच्या शाळांमध्ये सातवीच्या वर्गांतून हे काढलं होतं. मी नववी-दहावीच्या पोरांना जरूर देईन पण पहिल्यांदा सोबत बसून, आणि मार्जी पुढं व्हिएन्नाला शिकायला जाते तो भाग नंतर वाचायला सांगेन, तो मोठ्यांचा जास्त आहे.