सासऱ्यांचे खापरपणजोबा आणि बाराशे डॉलरची बनावट फाइल

अमेरिकन व्याही असलेली मराठी घरं आता पुष्कळ झाली आहेत, म्हणून हे लिहिते. माझं सासर मिसूरी राज्यातल्या ग्रीन काउंटीचं, स्प्रिंगफील्डजवळचं. सासऱ्यांचे खापरपणजोबा अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात 'मिलिशियात', म्हणजे नागरिकांच्या हंगामी फौजेत, होते, एवढंच घरात सांगत आले होते. कुठली पलटण, कुठली लढाई, धड कोणाला ठाऊक नव्हतं. सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीला तो इतिहास शोधून द्यावा असं नवऱ्याच्या आणि माझ्या मनात आलं, आणि वंशावळी काढून देणारा एक गृहस्थ आम्हाला भेटला. त्याचं नाव देत नाही. तो नावं बदलत असतो, त्यामुळे देऊन उपयोगही नाही.

मिलिशियाच्या बाबतीत असल्या माणसांचं फावतं, कारण मिसूरीतला गोंधळच तसा आहे. गुलामगिरी असूनही हे राज्य संघराज्यातून फुटलं नाही, आणि इथलं युद्ध बरंचसं शेजाऱ्याशेजाऱ्यांत झालं. १८६१ मध्ये गावोगावचे होमगार्ड उभे राहिले. त्याच वर्षी स्टर्लिंग प्राइसच्या हाताखालचं मिसूरी स्टेट गार्ड निघालं, ते दक्षिणेच्या बाजूचं. मग मिसूरी स्टेट मिलिशिया, उत्तरेच्या बाजूचं, खर्च केंद्र सरकारचा. आणि २२ जुलै १८६२च्या हुकमाने एनरोल्ड मिसूरी मिलिशिया. यात धडधाकट पुरुषांनी नाव नोंदवायचं, दक्षिणेच्या गनिमी टोळ्या आल्या की हजर व्हायचं आणि काम झालं की पुन्हा शेतावर. हे सैन्य राज्याचं, केंद्राच्या सेवेत कधी घेतलेलं नव्हतं. अमेरिकन माणसांचीही या नावांत गल्लत होते, आपली काय कथा!

त्याने पहिलं काम चोख केलं, हीच खरी मेख. आठवड्याभरात खापरपणजोबांचं सेवेचं कार्ड पाठवलं: एनरोल्ड मिलिशिया, ७२ वी रेजिमेंट, खाली तारखा आणि कामाचे दिवस. कार्ड अस्सल होतं. फक्त ते मिसूरीच्या राज्य अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट बघता येतं, आणि ते कळू नये म्हणून त्याने वरखालची कड कापली होती. दोनशे डॉलर घेतले. ते क्रेडिट कार्डाने दिले.

मग आमिष मोठं झालं. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पेन्शनची जाडजूड फाइल आहे, ती काढायला आतला माणूस लागतो, पैसे झेलने, म्हणजे बँकेच्या खात्यातून थेट पैसे पाठवायच्या सेवेने, पाठवा. बाराशे गेले. आली ती पिवळट कागदांची पीडीएफ. त्यात खापरपणजोबांच्या आईवडिलांची नावं, १८९०च्या जनगणनेतलं कुटुंब, ऑक्टोबर १८६४च्या वेस्टपोर्टच्या लढाईत घोड्यावरून केलेला हल्ला आणि तलवार धरलेला देखणा फोटो. सासरे हरखले. सासूबाई मात्र म्हणाल्या, 'आमच्याकडे घोडा होता?' त्यांची शंका पुढे कामाला आली.

ती फाइल घेऊन मी सार्वजनिक ग्रंथालयातल्या स्थानिक इतिहास विभागात गेले. तिथल्या बाईंनी अक्षर, शाई, शिक्के यांच्याकडे बघितलंच नाही. असा कागद मुळात असू शकतो का, एवढंच त्या एकेका पानाला विचारत गेल्या. एनरोल्ड मिलिशियाच्या नोंदी वॉशिंग्टनला नाहीत, जेफरसन सिटीला राज्याकडे आहेत. या मिलिशियातल्या एखाद्या जखमी माणसाचा पेन्शनचा अर्ज मिळू शकतो, पण मग त्यावर अर्ज क्रमांक असतो. इथे कुठेच नव्हता. सैनिकी सेवेच्या नोंदीत वय, उंची, डोळ्यांचा रंग सापडेल, आईवडिलांची नावं सहसा नाहीत. १८९०च्या जनगणनेची कागदपत्रं १९२१ मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीत सापडली आणि मिसूरीची कुटुंबवार पानं उरलीच नाहीत. त्या वर्षीची माजी सैनिकांची वेगळी यादी मात्र मिसूरीसाठी शिल्लक आहे. या गृहस्थाने बहुधा दोन्हींची खिचडी केली होती.

फोटोचा छडा मी घरी लावला. प्रतिमाशोधात टाकल्यावर तो लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहातला निघाला, नोंद 'अनोळखी सैनिक'. शिवाय या मिलिशियातल्या बऱ्याच जणांना गणवेशच मिळाला नव्हता. ओळखीसाठी ते टोपीला पांढरी पट्टी बांधत.

आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत पणजोबांची सही दाखवतात, आपण डोळे मिटून नमस्कार करतो. तिथे वही समोर असते, पान उलटता येतं. इथे मूळ पानच कोणी दाखवत नाही, म्हणून पैसे देण्याआधी लेखी विचारा: कागद कुठल्या अभिलेखागारातला, कुठल्या मालिकेतला, क्रमांक काय? आमच्या गृहस्थाला हे विचारल्यावर त्याने आधी 'गोपनीय आहे' म्हटलं आणि नंतर फोन उचलणंच बंद केलं. दीडशे वर्षांपूर्वीच्या शिपायाची नोंद गोपनीय कशी असेल?

कार्डाने दिलेले दोनशे बँकेकडे तक्रार केल्यावर परत आले. झेलचे बाराशे आले नाहीत. राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक विभागाकडे तक्रार नोंदवली आहे. त्यात पैसे मागितलेल्या संदेशांच्या प्रती जोडल्या, त्या जपून ठेवल्या होत्या म्हणून.

आणि वेस्टपोर्ट विसरा. त्या फुकटच्या कार्डावरच्या तारखांत ८ जानेवारी १८६३ येते. त्या दिवशी दक्षिणेचा सेनापती मार्माड्यूक याने स्प्रिंगफील्डवर चाल केली, तेव्हा शहर राखायला ७२ वी रेजिमेंट होती आणि रुग्णालयातून उठून आलेले आजारी शिपाई होते, ज्यांना लोक 'क्विनाइन ब्रिगेड' म्हणत. शहर वाचलं. सासऱ्यांना वाढदिवसाला आम्ही त्या कार्डाची न कापलेली प्रत दिली. छपाईला फार्मसीत दोन डॉलरही लागले नाहीत.