मूर्तीचा मुकुट कापणारं टेम्प्लेट : ८ महिने वेबसाइट बिल्डर वापरल्यानंतर

आमचा पेणला गणपतीचा कारखाना आहे. परदेशातल्या ऑर्डरी लवकर येतात, मूर्ती बोटीने जायच्या म्हणजे फेब्रुवारी-मार्चपासूनच पॅकिंग सुरू होतं, म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये एका तयार वेबसाइट बिल्डरचं वर्षाचं पॅकेज घेतलं. होस्टिंग (साइट नेटवर ठेवायची जागा) त्यांचं, टेम्प्लेट (पानांचा तयार साचा) त्यांचं, आपण फक्त फोटो आणि मजकूर टाकायचा. साइट एका संध्याकाळात उभी राहिली आणि एकदाही बंद पडली नाही, हे कबूल करायलाच हवं.

पण पहिल्याच दिवशी बाबांना फोनवर दाखवली आणि ते एवढंच म्हणाले, "मुकुट कुठंय?"

टेम्प्लेटमधला प्रॉडक्टचा फोटो चौकोनीच. मोबाइलवर काढलेला उभा फोटो ३:४ चा असतो, टेम्प्लेट तो मधोमध धरतं आणि वरखाली उरेल ते कापतं, म्हणजे उंचीचा चौथा हिस्सा गेला, अर्धा वरून अर्धा खालून. वरून मुकुट, खालून पाट आणि उंदीर. टी-शर्ट विकणाऱ्याला चालेल, पण बाप्पाचं डोकं कापलेला फोटो आम्ही लावायचा? सेटिंगमध्ये दोन दिवस शोधलं, सपोर्टला चॅट केलं तर उत्तर आलं की हे टेम्प्लेटचं डिझाइन आहे, बदलता येत नाही. खरं तर सीएसएसची, म्हणजे पानाचं दिसणं ठरवणाऱ्या कोडची, एक ओळ आहे, ऑब्जेक्ट-फिट कव्हरच्या जागी कंटेन, की फोटो न कापता अख्खा बसतो, पण स्वतःचं सीएसएस टाकायची सोय वरच्या प्लॅनमध्ये! शेवटी मी आणि बहिणीने मिळून १४० फोटो एकेक करून पांढऱ्या चौकोनावर ठेवले, आता मुकुट दिसतो पण मूर्ती एवढीशी दिसते आणि डोळ्यांची आखणी, जी बघून गिऱ्हाईक पेणची मूर्ती घेतं, ती झूम केल्याशिवाय कळत नाही.

दुसरी गोष्ट मराठीची. हेडिंगला अक्षरांमध्ये जागा सोडलेली, इंग्रजीत छान दिसतं, देवनागरीत शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. शिवाय ओळीची उंची इतकी कमी की 'मूर्ती' मधला रफार आणि वेलांटी वरून छाटली जाते. फॉन्टच्या यादीत मुक्ता नाही, बालू नाही, गुगलवर दोन्ही फुकट आहेत. पॉपिन्स मिळाला, त्यात देवनागरी आहे म्हणून निभावलं, पण ओळीची उंची काही बदलता आली नाही.

बटणावर 'बाय नाऊ' कायमचं. आमच्याकडे मूर्ती अशी कोणी पूर्ण पैसे भरून घेत नाही, आधी बयाणा देऊन नाव लिहून ठेवतात, बाकीचे पैसे मूर्ती नेताना. बयाण्याची सोय नाही, आणि 'साइज'च्या जागी 'उंची' सुद्धा लिहिता येत नाही, त्यामुळे लोक विचारायला फोनच करत होते.

मार्चमध्ये म्हटलं टेम्प्लेटच बदलू. तर तसं होत नाही, नवीन टेम्प्लेट म्हणजे नवीन साइट, सगळं पुन्हा भरा. बाहेर पडायचं तर मालाची यादी फाइलमध्ये मिळते, पानं मिळत नाहीत. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, दुसरीकडून घेतलं होतं म्हणून तेवढं आपल्या हातात राहिलं.

कोणी घेणार असाल तर ट्रायलमध्ये त्यांचे नमुन्याचे फोटो ठेवून बघू नका, ते त्याच चौकटीच्या मापाने काढलेले असतात. आपला सगळ्यात उंच माल आणि रफार-वेलांटी असलेलं मराठी नाव टाका, मोबाइलवर बघा, मग पैसे भरा. आणि वर्षाचे एकदम भरू नका, मी तिथेच चुकलो.

यंदा, २०२५ ला, गणपती २७ ऑगस्टला बसले, सीझन आटोपला. डिसेंबरात रिन्यूअल आहे, करणार नाही. वर्डप्रेस या साइट बांधायच्या सॉफ्टवेअरवर नवी साइट बांधायला घेतली आहे, वेळ जास्त लागतोय, पण काल पहिला फोटो चढवला, उभाच, मुकुटापासून पाटापर्यंत अख्खा, आणि बाबांना दाखवला.