दोन पेन्सिल सेलचा जुना कॅमेरा: आठ महिन्यांचा अनुभव, आणि एक तुटकी खिट्टी

ऑगस्टमधली गोष्ट. अजिंक्यताऱ्याच्या दरवाजाशी चौथीची बत्तीस मुलं उभी होती. धुकं सरून खाली सातारा दिसायला लागलं होतं आणि नेमकी त्याच वेळी कॅमेऱ्याने लेन्स अर्धी बाहेर काढून मान टाकली. "बाई, परत बंद पडला!" जिच्या हातात होता ती मुलगी रडवेली झाली, आपल्या हातून मोडला असं तिला वाटलं. माझ्या पिशवीत सेलच्या आणखी दोन जोड्या होत्या, रात्रभर चार्ज केलेल्या. दोन्ही घालून पाहिल्या. पडद्यावर तेच: बॅटरी बदला.

हा कॅमेरा मी फेब्रुवारीत पुण्याच्या जुन्या बाजारातून एका रविवारी १,४०० रुपयांना घेतला. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी घरोघरी असायचा तसलाच, दोन पेन्सिल सेलचा, वर डोळा लावायची खिडकी असलेला. मेगापिक्सेल आणि झूम लिहीत बसत नाही, या वर्गातले कॅमेरे तुम्ही वापरलेले आहेत. मुलांच्या हातात फोन द्यायचा नव्हता, पण झाडं, किडे, गावातल्या विहिरी यांच्या नोंदी त्यांनी स्वतः फोटो काढून कराव्यात अशी फार इच्छा होती. शिवाय खास बॅटरी लागणारा जुना कॅमेरा घेतला आणि ती बॅटरी फुगली, तर बदली शोधत कुठे फिरणार? पेन्सिल सेल कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळतात. माझा सगळा हिशेब हाच होता.

पहिल्या महिन्यात किराणा दुकानातल्या अल्कलाइन सेलवर चालवला. ७० रुपयांच्या जोडीत चाळीसेक फोटो निघायचे. म्हणजे फोटोमागे पावणेदोन रुपये, आणि हा खर्च माझ्या पगारातून. घड्याळाचे स्वस्त सेल घालायचा मोह होतो, पण तो टाळा. घड्याळाला लागणारा प्रवाह अगदी किरकोळ असतो. कॅमेऱ्याला लेन्स ढकलताना आणि फ्लॅश भरताना तो अँपिअरच्या घरात लागतो. तेवढा ओढला की स्वस्त सेलचा विद्युतदाब (व्होल्टेज) जागच्या जागी कोसळतो.

मार्चमध्ये चार रिचार्जेबल सेल आणि चार्जर घेतला, १,१५० रुपये. इथून चालवायचा त्रास वाढला. अल्कलाइनवर चाळीस फोटो देणारा कॅमेरा यांच्यावर दहाव्या फोटोला मरायला लागला. मग वेष्टनावर ३,२०० एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) लिहिलेली आणखी एक जोडी आणली, ती तर पाचव्यालाच गेली. (या आकाराच्या निकेल-मेटल हायड्राइड, म्हणजे आपल्या नेहमीच्या रिचार्जेबल सेलमध्ये २,७०० च्या फार पुढे काही मावत नाही. ३,००० च्या वरचा आकडा दिसला की तो सेल दुकानातच ठेवा.) एप्रिलपर्यंत माझं मत पक्कं झालं होतं आणि दोन सहकाऱ्यांना मी ते ठासून सांगितलंही: अल्कलाइन १.५ व्होल्टचा, रिचार्जेबल १.२ चा, तेव्हा अशा कॅमेऱ्यांना रिचार्जेबल चालत नाहीत.

हे मत चुकीचं होतं. ज्यांना सांगितलं त्यांना परत जाऊन तसं कळवलं आहे, आणि इथेही स्पष्ट लिहिते.

गडावरून आल्यावर कॅमेरा दुरुस्तीला नेला. दुकानदाराने सेल घातले, बटण दाबलं आणि दोन मिनिटांत निकाल दिला: "बोर्ड गेलंय मॅडम, १,८०० लागतील." बोर्डवर नेमकं काय गेलंय, मला दाखवा म्हटलं, तर चिडला. तपासणीचे २०० मात्र घेतले. ज्या दुरुस्तीवाल्याला कारण दाखवता येत नाही त्याच्यापाशी वस्तू ठेवू नये असं माझं मत आहे, म्हणून उचलून घरी आणला. कंपनीच्या सेवा केंद्राला फोन केला तर या मॉडेलचे भाग येणं केव्हाच बंद झालंय, एवढंच उत्तर.

शेजारचे काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत. त्यांनी व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर आणला. प्रत्येक सेल १.३ व्होल्ट दाखवत होता, म्हणजे सेल भरलेले. "अगं, मग सेलला कशाला बोल लावतेस? सेलच्या कप्प्याचं झाकण अंगठ्याने दाबून धर आणि आता सुरू कर." दाबून धरलं. लेन्स सरसर पूर्ण बाहेर आली. अंगठा सैल केला की बंद, दाबला की सुरू. सहा महिने मी सेल बदलत बसले होते आणि दोष झाकणात होता.

या कॅमेऱ्यांत झाकण नुसतं झाकण नसतं. त्याच्या आतल्या बाजूला एक पत्रा असतो, तो एका सेलचं धन टोक दुसऱ्याच्या ऋण टोकाला जोडतो. म्हणजे सगळा प्रवाह झाकणातूनच जातो. आतल्या स्प्रिंगा सेलना सतत बाहेर ढकलतात आणि त्या रेट्याला रोखून धरते ती तांदळाच्या दाण्याएवढी प्लास्टिकची खिट्टी. माझ्या कॅमेऱ्याची खिट्टी अर्धी झिजून तुटली होती. झाकण बंद दिसायचं, पण केसभर उचललेलं असायचं. पत्रा आणि सेल यांचा सांधा सैल पडला की तिथे रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, वाढतो. ०.३ ओहम धरा आणि प्रवाह एक अँपिअर, म्हणजे ०.३ व्होल्ट सांध्यातच खर्च. दोन अल्कलाइनच्या ३ व्होल्टमधून तेवढे गेले तरी सुरुवातीला निभतं. रिचार्जेबलच्या २.४ मधून गेले की कॅमेऱ्याला वाटतं, सेल संपले. माझ्या एप्रिलमधल्या मताचा उगम हा होता.

भर म्हणून आतल्या एका स्प्रिंगवर पांढरी भुकटी होती, आधीच्या मालकाचा अल्कलाइन सेल कधीतरी पाझरला असणार. ती अल्कधर्मी असते. इअरबड व्हिनेगरमध्ये जेमतेम ओला करून पुसलं, बारीक फेस आला, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून रात्रभर झाकण उघडं ठेवलं. दुसऱ्या दिवशी पत्र्यावर खोडरबर फिरवला. पॉलिश पेपर मारू नका, वरचा मुलामा गेला की पुन्हा गंज धरतो. आणि या कॅमेऱ्यांचं अंग कधीही उघडू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास भरलेले असतात आणि सेल काढल्यावरही ते बराच वेळ टिकतात.

आता खिट्टी. फेविक्विकने चिकटवली, तीन दिवस टिकली. रबरबँड लावला, पण मुलांची बोटं त्यात अडकायची. शेवटी उपाय सापडला तो ट्रायपॉडच्या भोकात. ते झाकणाच्या शेजारीच असतं, पाव इंची आट्याचं. खिडक्यांचं काम करणाऱ्याकडून अॅल्युमिनियमची दोन बोटं रुंद पट्टी कापून घेतली, एका टोकाला भोक पाडलं, दुसरं टोक किंचित वाकवून झाकणावर दाब येईल असं केलं, आणि पाव इंची पंखवाल्या स्क्रूने खालून आवळली. पट्टी आणि स्क्रू मिळून ४५ रुपये. स्क्रूची लांबी मात्र नीट मोजा. पट्टीतून पलीकडे चार-पाच मिलिमीटरच निघाला पाहिजे, जास्त आत गेला तर भोकाचा तळ फुटेल. पट्टीच्या कडा कानशीने गोल करून घ्या आणि आतल्या बाजूला चिकटपट्टी लावा.

पट्टी बसवल्यावर त्याच जुन्या, मी नावं ठेवलेल्या २,००० एमएएचच्या जोडीवर, फ्लॅश बंद ठेवून आणि कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावून मुलांनी २८० फोटो काढले. मी तो आकडा दोनदा मोजला. त्या दिवशी मला झालेला आनंद नवीन वस्तू घेतल्यावरही कधी झाला नव्हता.

एक जास्तीची कटकट होती: सेल बदलले की कॅमेरा तारीख विचारायचा. त्याचा या दुखण्याशी संबंध नव्हता. सेलच्या कप्प्यात बाजूला छोटा खण आहे, त्यातला सीआर १२२० बटण-सेल संपला होता. ४० रुपयांत ते मिटलं.

अजून एक उणीव उरलीच आहे. रिचार्जेबलचा दाब शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतो आणि मग एकदम पडतो, त्यामुळे पडद्यावरची खूण फार उशिरा लुकलुकते. आम्ही सेलवर लाल आणि निळ्या पट्ट्या लावल्यात, जोडी कधीही फोडायची नाही असा वर्गाचा नियम आहे, आणि चार्ज केल्याची तारीख फळ्याच्या कोपऱ्यात लिहिली जाते. ३,२०० लिहिलेली जोडी पुन्हा तपासली, ती खरंच रद्दड निघाली. ती ई-कचऱ्यात दिली.

जुना बाजार असो की कुणाच्या कपाटातला कॅमेरा, आधी झाकण बघा. बंद करून नखाने कड उचलून पाहा, मग स्वतःचे भरलेले रिचार्जेबल सेल घालून चालू करा, विक्रेत्याचे नव्हे. फ्लॅश लावून सलग दहा फोटो काढा. माझ्याने तेवढं त्या रविवारी झालं असतं तर झाकण १,४०० मधून वजा करून घेतलं असतं. कॅमेरा तरीही घेतलाच असता. काल निळ्या जोडीवर एका मुलाने सुगरणीच्या खोप्याचे सव्वीस फोटो काढून आणले, सगळे नीट.