म्हाताऱ्या आजारी कोंबडीसाठी घेतलेला कुत्र्याचा फोल्डिंग पिंजरा, वर्षभर वापरून

हा पिंजरा विकतात कुत्र्यांसाठी, मी घेतला आमच्या काळीसाठी. ती ८ वर्षांची आहे, अंडी देणं कधीच बंद झालंय. गेल्या वर्षी तिचं पोट फुगायला लागलं, चालताना पेंग्विनसारखी ताठ उभी राहायची, तुरा फिका पडला आणि बाकीच्या कोंबड्या तिला दाण्याजवळ येऊच देईनात. डॉक्टरांनी सुईने पोटातलं पाणी काढलं, म्हणाले म्हाताऱ्या कोंबड्यांमध्ये अंडाशयाची गाठ नेहमी बघायला मिळते, पाणी परत भरणार, पण तिचा त्रास कमी करता येईल, वेगळी ठेवा आणि रोज वजन करा. म्हणून हा पिंजरा.

३६ इंची, दोन दारांचा, खाली प्लॅस्टिकचा ट्रे सरकून बाहेर येतो. खरी किंमत या ट्रेची आहे. रात्री त्यावर कागद अंथरायचा आणि सकाळी शिट बघायची, कळपात कुठली कोणाची ते कधीच कळत नाही. घट्ट आणि वर पांढरी टोपी असली की ठीक, ८-१० वेळात एकदा तपकिरी, चिकट, भयंकर वासाची येते तीही नॉर्मलच असते (पहिल्यांदा बघितली तेव्हा मी घाबरून डॉक्टरांना फोन केला होता), पण हिरवी पातळ यायला लागली तर बहुतेक पोटात दाणा जात नाहीये. लगेच सकाळीच, खायला द्यायच्या आधी, गळ्याखालची पिशवी चाचपायची, रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी, भरलेली किंवा पाण्याच्या फुग्यासारखी लागली तर त्या दिवशी डॉक्टरांकडे न्यायचंच.

दुसरं आवडलेलं म्हणजे बाजूचं दार. वरून हात आला की कोंबडी बिचकते, घारीची भीती असते ती जात नाही कधी, पण बाजूने तिच्याच उंचीवर हात नेला की काळी शांत बसते. मग छातीचं हाड बोटाने बघता येतं, पिसांखाली ते सुरीच्या धारेसारखं लागायला लागलं की समजायचं अंगावरचं मांस चाललंय, वरून पिसं फुगलेली दिसतात त्यावर जाऊ नका. औषधही तसंच, चोचीच्या कडेला एकेक थेंब लावायचा आणि तिला गिळू द्यायचं, चोच उघडून आत ओतायचं नाही कारण श्वासाचं भोक जिभेच्या मागेच असतं.

आता तक्रारी. ट्रे गुळगुळीत आहे, म्हाताऱ्या पायांना अजिबात पकड मिळत नाही, पहिल्या दिवशी तिचे दोन्ही पाय बाजूला घसरले ते बघून मला फार वाईट वाटलं. रबरी चटई टाकली, वर लाकडाचा भुसा, मग जमलं. गजांमधलं अंतर कुत्र्याच्या हिशोबाचं आहे, काळीचं अख्खं डोकं बाहेर येतं, आणि एकदा तसंच बाहेर काढून डुलकी घेत असताना दुसरीने तुऱ्यावर चोच मारून रक्त काढलं. आता खालच्या दीड फुटाला बारीक जाळी बांधलीय. आणि रात्री हा उघड्यावर ठेवायचा नाही, मांजराचा पंजा सहज आत जातो.

पिंजरा कुठे ठेवायचा हे मात्र मी आधी चुकलो. शांतता मिळावी म्हणून आतल्या खोलीत ठेवला, दोन दिवस तिने दाण्याला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी दिवसभर खुराड्यासमोर ठेवला, बाकीच्या समोर दाणे टिपताना दिसल्या आणि हिनेही भिजवलेलं खाद्य खाल्लं, वाटीवर चोचीचा टकटक आवाज आला तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. एकटेपणा यांना सोसत नाही. शिवाय एकमेकींच्या नजरेसमोर राहिल्या की परत कळपात सोडताना मारामारीही कमी होते.

साइज मोठा घ्या असं सांगेन. कोंबडीचं अंग एरवी ४१ डिग्रीच्या आसपास गरम असतं, आजारी पडली की ते टिकवायलाच तिची ताकद जाते, म्हणून अर्ध्या भागाला बाहेरून उबेचा दिवा आणि तीन बाजूंनी चादर, उरलेला अर्धा गार, तिला हवं तिथे ती सरकते. छोट्या पिंजऱ्यात हे होत नाही, बिचारी भाजून निघेल.

५ पैकी ४ स्टार, एक स्टार गजांमधल्या अंतराचा कापला. घरात म्हातारी कोंबडी असेल तर ती आजारी पडायच्या आधीच आणून ठेवा, ऐन वेळी धावपळ नको.

वर्षभरात पाणी अजून दोनदा काढावं लागलं. आता वजन बरेच दिवस १ किलो ७०० ग्रॅमवर टिकून आहे, दिवसभर ती बाकीच्यांबरोबर फिरते. पाय दुखतात म्हणून दांडीवर चढता येत नाही, मग तिन्हीसांजेला सगळ्या वर चढल्या की ही आपली हळूहळू चालत पिंजऱ्यात जाते, चटईवर बसते, आणि मी पिंजरा उचलून आत आणतो.