स्वस्त गॅस डिटेक्टर घेताय? आधी सेन्सरची तारीख बघा

बडोद्याजवळच्या नंदेसरी औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या युनिटला चार गॅसचे हातातले डिटेक्टर निम्म्या भावात मिळाले. बॉडी नवी, खोकं सीलबंद. चालू केल्यावर ऑक्सिजन २०.९ टक्के (स्वच्छ हवेतला नेहमीचा आकडा), विषारी हायड्रोजन सल्फाइड शून्य. सगळं ठीक वाटलं आणि पूर्ण पेमेंट झालं.

नंतर २५ पीपीएमचा (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) हायड्रोजन सल्फाइडचा टेस्ट गॅस सोडला तर आकडा चार-पाचच्या वर सरकेना. अलार्म १० वर लावलेला, तो वाजणार कसा?

यातला इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर, म्हणजे रासायनिक क्रियेने गॅस ओळखणारा भाग, साधारण दोन-तीन वर्षं टिकतो, आणि कपाटात पडून राहिला तरी म्हातारा होतोच. ऑक्सिजनचा सेन्सर संपत आला की आकडा घसरतो, लगेच कळतं. हायड्रोजन सल्फाइडचा मेला तर शून्य दाखवतो, आणि स्वच्छ हवेत चांगलाही शून्यच दाखवतो. विक्रेत्याने ऑक्सिजनचा तेवढा नवा बसवला होता, बाकीचे जुने. हायड्रोजन सल्फाइडच्या वासावर विसंबायची सोय नाही. १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं. जीवघेणी फसवणूक आहे ही.

कॅलिब्रेशनचं, म्हणजे माहीत असलेल्या गॅसवर आकडा जुळवून पाहिल्याचं, सर्टिफिकेटही बघण्यासारखं होतं: प्रत्येक मशीनचं रीडिंग नेमकं २५.०. खऱ्या कॅलिब्रेशनमध्ये आकडे थोडे पुढे-मागे होतात, शिवाय सिलिंडरचा नंबर आणि मुदत लिहिलेली असते. लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचा लोगो दिसला म्हणून थांबू नका. त्यांच्या वेबसाइटवर लॅब शोधा आणि तिच्या स्कोपमध्ये (मान्यता मिळालेल्या कामांच्या यादीत) गॅस डिटेक्टर आहे का ते तपासा.

हे खपतं, कारण बाजार छोटा आहे, छापील भाव कुठेच नसतो आणि पर्चेसवाले कोटेशन फक्त बॉडीच्या किमतीवर तोलतात. खरा खर्च पुढे असतो. म्हणून सेन्सर बदलायचा दर, तो यायला लागणारे दिवस, टेस्ट गॅस, रेग्युलेटर, कॅलिब्रेशन असा तीन वर्षांचा हिशेब कोटेशनमध्येच लिहून घ्या. प्रत्येक सेन्सरची उत्पादन तारीखही.

सॉल्व्हंटच्या वाफा अतिनील दिव्याने ओळखणारा पीआयडी डिटेक्टर विकणारे ‘सगळं दाखवतो’ म्हणतात. पण दिव्याची ऊर्जा त्या वाफेला लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा जास्त असेल तरच ती दिसते. नेहमीच्या १०.६ ईव्हीच्या (ईव्ही हे ऊर्जेचं एकक) दिव्याला मिथेनॉल (१०.८५) आणि डायक्लोरोमिथेन (११.३२) दिसत नाहीत. फार्मावाल्यांनी हे आधीच विचारावं.

पेमेंटचा शेवटचा हप्ता आपल्या गेटवर, मुदतीतल्या सिलिंडरने, प्रत्येक गॅसची बम्प टेस्ट (थोडा टेस्ट गॅस सोडून आकडा चढतो आणि अलार्म वाजतो का ते बघणं) झाल्यावरच द्या. त्याचा व्हिडिओ सीरियल नंबरसकट ठेवा. मशीन आधीच घेतलं असेल, तर ही टेस्ट होईपर्यंत ते घेऊन कुणालाही टाकीत उतरू देऊ नका.