अरिमात्सु की कानायामाची: रंगाऱ्यांची पेठ की ओताऱ्यांची आळी?

जपानमध्ये जुनी कारागीर वस्ती निवांत पायी पाहायची असेल, तर दोन नावं हमखास समोर येतात: नागोया शहरातलं अरिमात्सु आणि तोयामा प्रांतातल्या ताकाओकाची कानायामाची. दोन्ही सरकारी संरक्षित वस्त्या आहेत (कानायामाची २०१२ पासून, अरिमात्सु २०१६ पासून) आणि दोन्ही अर्ध्या दिवसात आरामात होतात. मात्र अरिमात्सुत बांधणीचं काम अजून डोळ्यांसमोर चालतं, कानायामाचीत धातू ओतण्याचं काम बहुतांशी आळीबाहेर गेलं आहे. निवड करताना आधी हे लक्षात घ्या.

अरिमात्सु १६०८ मध्ये तोक्यो आणि क्योतो जोडणाऱ्या जुन्या तोकाइदो महामार्गावर, चिर्यू आणि नारुमी या मुक्कामांच्या मध्ये वसवलं गेलं. शेतीला जमीन अपुरी, म्हणून लोक वाटसरूंना बांधणीचे रुमाल विकू लागले. १७८४ च्या आगीत गाव जळालं. नंतर गवती छपरांच्या जागी कौलं आली आणि घरांचं लाकूड जाड गिलाव्यात झाकलं गेलं. ऐसपैस दर्शनी भागांची घरं सुमारे ८०० मीटर रस्त्यावर ओळीने उभी आहेत.

घरांपेक्षा जास्त वेळ ठेवा तो शिबोरी (जपानी बांधणी) काइकान या संग्रहालयातल्या प्रात्यक्षिकासाठी. ‘कुमो’ म्हणजे कोळ्याच्या जाळ्याचा प्रकार बघा. कापडाचा एक बिंदू आकडीत अडकवून ताणतात, बोटांनी बारीक चुण्या गोळा करतात आणि बुडापासून टोकापर्यंत दोरा घट्ट गुंडाळतात. चुण्या असमान पडल्या की जाळं एका बाजूला फिस्कटतं. दोरा सैल राहिला की रंग आत शिरून नक्षी धूसर होते. ‘मिउरा’ प्रकारात गाठ मारतच नाहीत, दोऱ्याचा नुसता एक वेढा देतात. म्हणून हात भराभर चालतो आणि नक्षी पाण्यासारखी पसरट उमटते. असे शंभराच्या आसपास प्रकार इथे आहेत. पूर्वापार एक कारागीर एकाच प्रकारात मुरलेला असतो, त्यामुळे अनेक प्रकारांचा मेळ असलेलं कापड घरोघर फिरत पूर्ण होतं. किंमत जास्त वाटली तर हे आठवा.

खरेदीत फसगत होते ती छापील नकलेने. अस्सल कापडावर चुण्यांचा उठाव हाताला लागतो आणि नक्षीच्या कडा किंचित कमीजास्त असतात. छापील कापड सपाट, त्यावरचा प्रत्येक ठिपका हुबेहूब सारखा. स्वतः करून बघायचं असेल तर आधी नोंदणी करा आणि कापड त्याच दिवशी रंगून मिळेल का, हे विचारा. नुसतं बांधायला शिकवत असतील तर रंगाई मागाहून होते, आणि परदेशी पाहुण्याची तिथेच अडचण होते.

कानायामाचीची सुरुवात १६११ ची. इथल्या सरंजामदार माएदा तोशिनागाने सात ओतारी बोलावून त्यांना सेन्बो नदीपलीकडे जागा दिली. भट्ट्यांची आग गावापर्यंत पोचू नये हा हिशेब. तीच काळजी घरांच्या रचनेत आहे: पुढे राहतं घर, मग चौक, मग जाड मातीच्या भिंतींची कोठी आणि सर्वांत मागे ओतशाळा. भट्टी आणि घर यांच्यामध्ये कोठीची भिंत आगीला अडवून धरते. रस्त्यावरून दिसतात त्या फक्त बारीक लाकडी जाळ्या आणि फरसबंदीत बसवलेले तांब्याचे तुकडे. रचना समजून घेऊन चाललात तर ही आळी अरिमात्सुपेक्षा सुंदर वाटेल. पण पुण्याच्या तांबट आळीसारखा ठोक्यांचा आवाज इथे शोधू नका: हे ओतकाम आहे, आणि मोठे कारखाने केव्हाच आळीबाहेर गेले.

ओतकाम अनुभवायचं तर कथिल ओतण्याचा वर्ग गाठा. कथिल २३२ अंशांनाच वितळतं, म्हणून नवख्यालाही जमतं. साचा करताना वाळू नीट दाबली नाही तर कडा ढासळतात. ओतताना हात थबकला तर धातू मध्येच गोठून भेग राहते. शुद्ध कथिलाची पट्टी हाताने वाकवली की बारीक कुरकुर ऐकू येते. अशी भांडी घरी नेलीत तर गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका.

प्रवासाच्या दृष्टीने अरिमात्सु सरळ जिंकतं. तोक्यो-क्योतो वाटेवर नागोयाला उतरा, तिथून मेइतेत्सु रेल्वेने साधारण २० ते २५ मिनिटं. जेआर पास (परदेशी पर्यटकांचा रेल्वे पास) या रेल्वेला चालत नाही. मेइतेत्सु नागोया स्थानकात एकाच फलाटावर वेगवेगळ्या दिशांच्या गाड्या लागोपाठ येतात, म्हणून पाटी वाचूनच चढा. अतिजलद गाड्या अरिमात्सुला थांबत नाहीत. नारुमीला थांबणारी मिळाली तर तिथे उतरून लोकल धरा.

कानायामाचीसाठी खास ताकाओकाला जाऊ नका. कानाझावा कार्यक्रमात असेल तरच जोडा. तिथून शिन-ताकाओका स्थानक शिन्कान्सेनने (बुलेट ट्रेनने) १५ मिनिटांच्या आत येतं, पुढे जोहाना लाइनवर एक स्थानक आणि मग सुमारे २० मिनिटं चालणं. साध्या गाडीने कानाझावाहून थेट ताकाओकाला यायला साधारण ४० मिनिटं लागतात आणि गाडी बदलावी लागत नाही. हिवाळ्यात इथे बर्फ पडतो, तेव्हा पकड असलेले बूट हवेत. आळीत खायच्या जागा मोजक्याच. शाकाहारी असाल तर डबा बरोबर ठेवा, कारण साध्या दिसणाऱ्या रश्शातही बहुधा माशाचा अर्क असतो.