भीतीसाठी संमोहन: दांडिया बाजारातलं एक उपचारकेंद्र, वडोदरा

लिफ्ट, उंची, कुत्रा अशा ठरावीक भीतींसाठी इथली पद्धत नेटकी आहे. पहिल्या भेटीत संमोहन नाहीच. भीतीची उतरंड लिहून घेतात, प्रत्येक पायरीला ० ते १० गुण: लिफ्टचं दार लांबून पाहणं ३, एकट्यानं चार मजले जाणं ९. मग डोळे मिटून, श्वास संथ करून खालच्या पायरीचं चित्र मनात आणायचं. भीती वाढली की बोट उचलायचं. चित्र तिथेच थांबवून पुन्हा अंग सैल करवतात. सूचना मराठीतून मिळतात, हे फार मोलाचं. घरच्या भाषेतलं वाक्य आत लवकर पोचतं.

सुई आणि रक्ताच्या भीतीला मात्र हेच शिथिलीकरण लावतात, ते चूक. त्या भीतीत रक्तदाब आधी चढतो, मग झपकन उतरतो, म्हणून माणूस चक्कर येऊन पडतो. तिथे उलट हात, पाय, पोटाचे स्नायू १०-१५ सेकंद आवळायचे, चेहऱ्यावर ऊब जाणवली की २०-३० सेकंद सोडायचे. असं ५ वेळा. हा सराव मागून घ्या.

खुर्चीत जमलेलं खऱ्या लिफ्टमध्ये करून पाहिलं नाही तर भीती टिकून राहते. इथे गृहपाठ देतात, पण सोबत कुणी येत नाही; घरचं माणूस न्या. भास होणाऱ्यांना संमोहन न देता मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतात, हे योग्यच.